खाली बसून पाजलेलं पाणी

महानंदावहिनी गेल्याची बातमी मला एका फ्लेक्सने दिली. मी पुण्याला मुलाकडे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गेलो होतो. डॉक्टरांनी काही दिवस मोबाईल बघू नका म्हटलं होतं आणि घरच्यांनी ते सांगणं जरा जास्तच मनावर घेतलं होतं. परतताना एसटी गेवराईच्या चौकात वळली आणि नव्या डोळ्याने मी गावातली पहिली ठळक अक्षरं वाचली, 'आंतरराष्ट्रीय समाजसेविका यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली वहिनींचा, आधार कार्डासाठी काढला असावा असा, दचकलेला फोटो. त्याभोवती हात जोडलेले सात पुरुष. सातही हसतमुख होते, कारण आपल्याकडे वाढदिवसाचाच फोटो दुःखालाही चालवून घेतात. वहिनींचा चेहरा त्या सातांपेक्षा लहान होता. डोळ्यात अजून काही दोष राहिला असेल असं मला क्षणभर वाटलं. मग वाळूच्या एका ट्रकमागे एसटी थांबली, आणि मान वळवून मी तो फ्लेक्स बघत राहिलो, तो फांदीआड जाईपर्यंत…

सहा आठवडे झाले त्याला. सकाळी दुकान उघडायला म्हणून त्या उठल्या, छातीत कळ आली आणि तासाभरात संपलं, असं त्यांच्या मुलाने, महेशने, मला नंतर सांगितलं. अडुसष्ट वर्षांच्या होत्या.

वहिनी म्हणजे माझा मित्र शिवाप्पा याची बायको. मेन रोडला त्यांचं भांड्यांचं दुकान. शिवाप्पा गेल्यावर वहिनीच गल्ल्यावर बसू लागल्या. मी शाळेतून निवृत्त झालेला, घरी कोणाला फारसा नको असलेला माणूस. दुपारी दीड ते चार मी त्या दुकानात पेपर वाचत बसायचो. त्या वेळेला गिऱ्हाईक नसतं. उन्हाची तिरीप रस्त्यावरून आत यायची, पितळेच्या घागरीवर पडायची, तिथून स्टीलच्या डब्यांवर, आणि डब्यांवरून छतावर. छतावर पाण्यासारखी थरथर चालू असायची. वहिनी बोलायला लागल्या की पन्नास डब्यांत पन्नास वहिनींचे ओठ हलायचे. त्यांनी मला जे जे सांगितलं ते सगळं अशा उजेडात सांगितलं. त्यामुळे आज त्यातलं किती त्यांचं आणि किती माझ्या दुपारच्या पेंगेचं, हे मला खात्रीने सांगता येणार नाही.

आठ वर्षांपूर्वी गेवराईतून पशुपतिनाथाच्या यात्रेला एक बस गेली. वहिनींच्या समाजातली मंडळी होती, बहुतेक साठीच्या पुढची, सोबत आचारी आणि शेंगदाण्याच्या चटणीचे डबे. शिवाप्पा जाऊन दोन वर्षं झाली होती. वहिनीही गेल्या. दर्शन झालं आणि परतीच्या वाटेवर डोंगरात दरड कोसळली. चार दिवस रस्ता बंद. यात्रावाल्याने धावाधाव करून एका डोंगरी गावात मंडळींची सोय लावली, ती अशा मुलांच्या वसतिगृहाशेजारच्या हॉलमध्ये, ज्यांना चालता येत नव्हतं, बसता येत नव्हतं, काहींना बोलताही येत नव्हतं. आमच्या बायका एकदा तिकडे जाऊन आल्या, 'अगं बाई' म्हणाल्या आणि हॉलमध्ये भजनाला बसल्या. वहिनी तिकडेच थांबल्या. त्यांना रिकामं बसवत नसे. स्वयंपाकघरात भांडी कशी रचावीत हेच त्यांनी पहिल्या दिवशी सगळ्यांना दाखवलं म्हणे.

पाचव्या दिवशी रस्ता मोकळा झाला. बस सुरू झाली आणि वहिनी यात्रावाल्याला म्हणाल्या, "माझी पिशवी तेवढी खाली काढा."

"मावशी, कावून? काय राहिलं का?"

"मीच राहते."

तो बिचारा घामाघूम झाला. त्याने गेवराईला महेशला फोन लावून दिला. महेश काय ओरडला ते बसमधल्या सगळ्यांनी ऐकलं, आणि वहिनी शांतपणे एवढंच म्हणाल्या, "दुकान सांभाळ. फुलपात्र्यांचा खोका वरच्या फळीवर हाय."

बस एका रिकाम्या सीटसह परत आली. गावात तेवढं पुरलं. कोणी म्हणालं, बाईंनी संन्यास घेतला. कोणी सुनेकडे बोट दाखवलं. ती पोरगी महिनाभर पाणी भरायला बाहेर पडली नाही. चहाच्या टपरीवर निराळाच वाद रंगला होता, नेपाळ हा परदेश धरायचा की नाही. "पासपोर्ट लागत न्हाई तिथं, कसला परदेश बे?" असं एकाचं म्हणणं. दुसऱ्याचं म्हणणं, नोटा वेगळ्या म्हणजे देश वेगळा. मला विचारलं तेव्हा मी घड्याळही वेगळं असल्याचं सांगितलं, पंधरा मिनिटं पुढे. पंधरा मिनिटांसाठी कोणी वेगळा देश काढील हे त्यांना पटलं नाही.

वहिनी अकरा महिन्यांनी आल्या. अंगात लोकरीचा जाड स्वेटर, हातांना भेगा. आणि मग गावाने ठरवलं की हा परदेशच होता, कारण त्याशिवाय सत्कार करता येत नव्हता. मंगल कार्यालय, शाल, नारळ, फेटा, पाच वक्ते. शोभेसाठी, हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे, व्यासपीठावर एक अपंग मुलगी आणली होती, सहा-सात वर्षांची, आईच्या मांडीवर आडवी. प्रमुख पाहुण्यांनी तिला पेढा भरवायचा आणि फोटो काढायचा असा कार्यक्रम होता. पाहुणे वाकले, आईने कौतुकाने मुलीची मान मागे केली, आणि वहिनी खुर्चीतून उठल्या. फेटा सांभाळत तीन पावलांत तिथे पोचल्या आणि पाहुण्यांचं मनगट त्यांनी घट्ट धरलं.

"सायेब, थांबा. मान मागं हाय तिची."

पाहुण्यांना काही कळलं नाही. पेढा हवेत राहिला. फोटोग्राफरने मात्र आपलं काम केलं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात खाली ओळ छापून आली की सत्कारमूर्ती मान्यवरांना पेढा भरवताना. पुढे त्यांना भाषण करायला सांगितलं तेव्हा त्या माईकसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तिकडं थंडी लई हाय." आणि जागेवर जाऊन बसल्या. मी ऐकलेल्या सत्काराच्या भाषणांत हे सर्वांत खरं भाषण होतं.

त्यानंतर दरवर्षी दिवाळी झाली की त्या जायच्या, चार-पाच महिने राहायच्या. साथीची दोन वर्षं तेवढी चुकली. जाण्याच्या आधी दुकानाशेजारच्या रफीकभाईंकडे त्यांच्या चकरा सुरू व्हायच्या. रफीकभाई भांड्यांवर नावं कोरून देतात, फुटक्या भांड्यांना डाग मारतात. पहिल्या वेळी वहिनींनी त्यांच्यापुढे स्टीलचे नवे गिलास ठेवले आणि प्रत्येकाच्या काठाला अर्धचंद्रासारखा तुकडा कापायला सांगितला.

"भाभी, अच्छे गिलासां कायकू काटरे?"

"नाक अडतंय लेकरांचं. नाक अडलं की मान मागं जाती. काठ कापला की मान हाय तिथं ऱ्हाती."

रफीकभाईंनी मग चाळीस गिलास कापले, कानस मारली, आणि प्रत्येक काठ स्वतःच्या खालच्या ओठावरून फिरवून पाहिला. कुठे टोचतंय का ते ओठालाच कळतं, म्हणाले. एवढा नाजूकपणा मी पुष्कळ कवितांत शोधला आहे आणि तिथे तो क्वचित सापडला आहे.

पण मान मागे जाण्याचं वहिनींना एवढं काय होतं, हे मला कळायला तिसरं वर्ष उजाडावं लागलं. मार्च असेल. त्या नुकत्याच परतल्या होत्या. छतावर उजेड हलत होता. मी पेपरची घडी घालत होतो आणि त्या अचानक म्हणाल्या, "गुरुजी, मी कावून राहिले ते तुमी कधी इच्यारलं न्हाई."

"तुम्ही सांगाल तेव्हा ऐकीन म्हटलं."

मग त्या सांगू लागल्या… त्या चार दिवसांत वसतिगृहात बिमला नावाची एक आठ वर्षांची मुलगी त्यांना चिकटली होती. तिला मान धरता येत नव्हती, डोळे मात्र सगळीकडे फिरायचे. बाहेर धुकं इतकं दाट की खिडकीतून दुधाच्या पातेल्यात बघितल्यासारखं वाटायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी बिमलाला तहान लागली. वहिनींनी तांब्या घेतला, तिची मान आपल्या हातावर मागे घेतली आणि त्यांच्या घरात लहानपणापासून पितात तसं वरून, ओठाला भांडं न लावता, तोंडात पाणी सोडलं. पोर निळी पडली. तिथली तारा नावाची बाई धावत आली, तिने मुलीला पुढे वाकवलं, पाठ थोपटली. बऱ्याच वेळाने बिमलाने श्वास घेतला. तारा रागावली नाही. तिने मोडक्यातोडक्या हिंदीत समजावलं की अशा मुलांची मान मागे गेली की पाणी पोटात जात नाही, छातीत जातं. आधी खोकला येतो, मग ताप. पुन्हा पुन्हा ताप. मग एक दिवस…

"तिनं बोलणं तिथंच सोडलं," वहिनी म्हणाल्या, "पुढचं मला ठावं होतं. मी बघितलेलं होतं."

वहिनींचं माहेर दिंद्रुडचं. त्यांना एक धाकटी बहीण होती, गोदावरी. घरात गोदी म्हणत. ती बिमलासारखीच होती. पाच वर्षांची होऊन गेली. आई सकाळी तिला पाणी पाजून शेतात जायची. दुपारचं पाणी हे अकरा वर्षांच्या महानंदाचं काम. गोदीच्या तोंडातून लाळ गळायची, म्हणून तिच्या ओठाला भांडं कोणी लागू देत नसे. मान मागे आणि वरून धार. ठसकली की सगळे म्हणायचे, कोणीतरी आठवण काढतंय. खोकला, ताप, डॉक्टरची सुई, पुन्हा खोकला. आईने नारायणगडाला बोल केला होता, पाच पौर्णिमा पायी येईन म्हणून. चौथी पौर्णिमा ज्वारीच्या काढणीत चुकली आणि त्याच आठवड्यात गोदी गेली. आईने तो दोष स्वतःकडे घेतला. पुढच्या पन्नासेक वर्षांत त्या घरात गोदीचं नाव निघालं नाही. कोणी काढायला लागलं की आई उठून दुसरीकडे जायची.

"आमी मारली तिला, गुरुजी," वहिनी म्हणाल्या. पन्नास डब्यांतल्या पन्नास वहिनी म्हणाल्या. "बस सुटायच्या वक्ताला मला वाटलं, घरी जाऊन मायला काय सांगू? तर राहिले. आधी नीट पाजायला शिकू म्हटलं."

ताराने दोन महिने त्यांच्या हाती चमचाही दिला नव्हता, फक्त शेजारी बसून बघायला लावलं होतं. ती पहिली गोष्ट शिकवायची ती म्हणजे मुलाच्या खाली बसायचं. पाजणारा उभा असला, वर बसला, की मूल त्याच्याकडे वर बघतं आणि मान मागे जाते. पाजणारा खाली बसला की मूल खाली बघतं, हनुवटी खाली येते आणि घोट जायचा तिथे जातो. एवढंच शास्त्र. ज्या दिवशी बिमलाने त्यांच्या हातून पहिला घोट न ठसकता घेतला, त्या दिवशी वहिनी बाहेर धुक्यात जाऊन उभ्या राहिल्या होत्या. "काई दिसत नव्हतं," एवढंच त्या सांगत.

दिंद्रुडला आई होती, ऐंशीच्या पुढची, अंथरुणाला खिळलेली. तिला सांगायचं की नाही, हा वहिनींचा जीव खाणारा प्रश्न होता. सांगितलं तर चुकलेल्या पौर्णिमेचं ओझं उतरेल. पण त्या जागी दुसरं ठेवलं जाईल, आणि ते जास्त जड. न सांगावं तर म्हातारी देवाची गुन्हेगार म्हणून डोळे मिटणार. मला त्यांनी सल्ला विचारला. मी पुष्कळ वाचलेला माणूस असल्याचा गावात समज आहे. मी पेपरची घडी पुन्हा उलगडली.

त्या पावसाळ्यानंतर एक दिवस त्या म्हणाल्या, "चला ना गुरुजी माझ्यासंगं दिंद्रुडला. एकटीनं धीर होत न्हाई." माजलगावला गाडी बदलून आम्ही गेलो. सगळ्या वाटेवर त्यांचे ओठ हलत होते, वाक्यं जुळवत होत्या. खिडकीबाहेर कापूस फुटलेला, मैलोन्‌मैल पांढरा. मला डुलकी लागली, आणि जाग आली तेव्हा क्षणभर वाटलं की धुक्यातून चाललोय…

आईची बाज खिडकीशी होती. आम्ही आत गेलो तेव्हा वहिनींची भावजय उभ्याने तांब्यातून तिच्या तोंडात वरून पाणी सोडत होती. म्हातारीला ठसका लागला. भावजय हसून म्हणाली, "बघा, तुमीच आठवण काढलीती."

वहिनींनी जुळवलेली सगळी वाक्यं तिथेच विरली असणार. त्यांनी पिशवी ठेवली, वाकळीची वळकटी करून आईच्या पाठीशी लावली, तिला सरळ बसवलं, आणि स्वतः जमिनीवर बसल्या. कापलेला गिलास काढला.

"भांडं उष्टं करू व्हय?" आई म्हणाली.

"कर. तुझंच हाय."

म्हातारी प्यायली. घोटाघोटाने अख्खा गिलास. ठसका नाही. तिने गिलासाच्या कापलेल्या काठावरून बोट फिरवलं.

"कुठं शिकलीस?"

"नेपाळात. लेकरांना असंच पाजतेत."

"कसल्या लेकरांना?"

वहिनी वळकटी सारखी करू लागल्या. मला वाटलं, त्या विषय बदलतील. "आपल्या गोदीसारख्या," त्या म्हणाल्या.

म्हातारी उठून जाऊ शकत नव्हती. तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर कोणीतरी शेळीला हाका मारत होतं. त्या हाका लांब गेल्या. मग तिकडेच बघत म्हणाली, "आन् वरून पाजलं तर?"

"छातीत जातं, माय."

"मंग पुनव चुकली म्हणून न्हाई गेली ती."

"न्हाई."

"सकाळी मी पाजायचे. दुपारी तू."

"व्हय."

वहिनी जमिनीवर बसलेल्या होत्या, म्हणून म्हातारीचा हात त्यांच्या डोक्यापर्यंत पोचला. खुर्चीत असत्या तर पोचला नसता. "तुला कुणी सांगितलं न्हवतं, पोरी," ती म्हणाली. "मलाबी न्हाई."

वहिनी तिथे रडल्या नाहीत. परतताना गाडीत माजलगावपर्यंत गाढ झोपल्या. इतकं गाढ झोपलेलं माणूस मी त्याआधी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

परवा मी दिंद्रुडला गेलो होतो. लेक आईच्या आधी जावी, आणि आईला भेटायला जायचं… काय बोलायचं हे मीही वाटेत जुळवत होतो. म्हातारी त्याच बाजेवर वळकटीला टेकून बसली होती, पण खोलीत आधीच कोणी आलेलं होतं. तांड्यावरची एक तरुण बाई, तिच्यासोबत तीनेक वर्षांची मुलगी, मान एका बाजूला पडलेली. भावजय हळूच म्हणाली की अशा बाया येतात आता, कधी माजलगावहूनसुद्धा. कोण कोणाला सांगतं कळत नाही.

मुलीला बाजेवर म्हातारीच्या कुशीत टेकवून सरळ बसवलं होतं. तिची आई पाण्याची वाटी घेऊन समोर उभी होती.

"मानंदा गेली, गुरुजी," म्हातारी मला म्हणाली. मी मान हलवली. ती त्या बाईकडे वळली. "उभी का गं? तू उभी राहिलीस तर ते वर बघतंय. खाली बस."

बाई बाजेच्या कडेला टेकली.

"आणखी खाली. भुईवर. लाजू नको, लेकरापुढं कसली लाज?"

ती जमिनीवर बसली. मुलीचे डोळे तिला शोधत खाली आले, त्यांच्यामागोमाग हनुवटी. वाटी ओठाला लागली. म्हातारीला आता नीट दिसत नाही, म्हणून तिने डोळे मिटून घेतले होते आणि कान दिला होता. आम्ही सगळेच कान देऊन होतो. छोटासा, स्पष्ट आवाज आला.

"गिळलं?" म्हातारीने विचारलं.

"गिळलं, आजी."

"मंग आता दुसरा दे."